कन्सल्टंटकडे सीव्ही टाकला, फोन का येत नाही? (वाळूज, शेंद्रा, जालना, नांदेड, सगळ्यांसाठी)

खामकाठ

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न इथं येतोच: सीव्ही देऊन पंधरा दिवस झाले, कन्सल्टंट फोन उचलत नाही, काय करायचं? उत्तरं दहा धाग्यांत विखुरली आहेत, ती एका जागी आणतो. चुकलं तर खाली दुरुस्त करा.

आधी समोरचा माणूस कोण ते ओळखा. नोकरीचा फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘एचआर’ म्हणायची आपल्याकडं सवय आहे आणि निम्मा घोळ तिथंच होतो. कंपनीचा स्वतःचा एचआर पगारी असतो. माणूस पसंत आहे की नाही हे बहुतेक वेळा तो ठरवत नाही, प्रॉडक्शन, क्वालिटी किंवा मेंटेनन्सचा साहेब ठरवतो. प्लेसमेंट कन्सल्टंट बाहेरचा. त्याला पैसे कंपनीकडून मिळतात आणि तेही उमेदवार रुजू झाल्यावर. नेहमीचा दर वार्षिक सीटीसीच्या (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. ४,८०,००० च्या सीटीसीवर साधारण ४०,०००. वर अट असते की माणूस ६० किंवा ९० दिवसांत सोडून गेला तर दुसरा माणूस फुकट द्यायचा, नाहीतर पैसे परत. तिसरा मॅनपॉवरवाला ठेकेदार. तिथं तुम्ही त्याच्या पेरोलवर जाता, काम कारखान्यात करता, आणि तो दरमहा तुमच्या पगारावर आपला सर्व्हिस चार्ज लावून कंपनीला बिल पाठवतो.

फोन आला की सरळ विचारा: “जागा कंपनीच्या रोलवर आहे की थर्ड पार्टी, म्हणजे ठेकेदाराच्या रोलवर?” यात उद्धटपणा काही नाही. चांगला रिक्रूटर लगेच सांगतो. ‘आधी या, मग बघू’ म्हणणाऱ्याकडं जाण्याआधी पेट्रोलचा हिशोब करा.

कन्सल्टंट कंपनीसाठी माणूस शोधतो, तुमच्यासाठी नोकरी शोधत नाही. हातात तुमच्या कामाची जागा नसेल तर सीव्ही कितीही भारी असो, तो फोन करणार नाही. महिन्याभरानं जागा येऊ शकते. त्या दिवशी तुमचं नाव त्याला सापडलं पाहिजे आणि फोन लावल्यावर माहिती तयार मिळाली पाहिजे.

माहिती म्हणजे काय? तो कंपनीला सीव्हीसोबत एक एक्सेल तक्ता पाठवतो. रकाने असे: एकूण अनुभव, त्यातला नेमक्या कामाचा अनुभव, चालू सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड, राहण्याचं ठिकाण, शिक्षण आणि पास झाल्याचं वर्ष, नोकरी बदलायचं कारण. एक रकाना रिकामा राहिला की तुमची ओळ मागं पडते, कारण त्याला संध्याकाळपर्यंत पाच-सहा प्रोफाइल पाठवायची असतात आणि बाकीच्यांचे रकाने भरलेले असतात. म्हणून हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा (नमुन्यातलं व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, फॅनक हा त्याच्या कंट्रोलचा ब्रँड):

“डिप्लोमा मेकॅनिकल, २०१९. एकूण अनुभव ५ वर्षं ४ महिने, पैकी व्हीएमसी सेटिंग ३ वर्षं, फॅनक कंट्रोल. चालू सीटीसी ३.६० लाख, हातात २५,५००. अपेक्षा ४.५० लाख. नोटीस ३० दिवस. राहायला बजाजनगर. वाळूज, शेंद्रा, चाकण चालेल, नाशिक नको. फोन दुपारी साडेतीननंतर.”

शेवटचं वाक्य फालतू वाटेल, पण बऱ्याच प्लांटमध्ये मोबाइल गेटवर किंवा लॉकरमध्ये राहतो. तीन मिस्ड कॉल झाले की रिक्रूटर पुढच्या नावाकडं जातो.

टूलरूमवाला

खामकाठ, चांगला धागा. यात शोधाचा भाग घालतो. रिक्रूटर सीव्ही वाचण्याआधी शोधतो. नोकरी डॉट कॉमच्या डेटाबेसमध्ये तो कीवर्ड, अनुभव, पगार, शहर टाकतो आणि वर ‘गेल्या १५ दिवसांत’ किंवा ‘३० दिवसांत ॲक्टिव्ह’ असा फिल्टर लावतो. सहा महिने लॉगिन न केलेलं प्रोफाइल त्या यादीत येतच नाही. मग माणूस म्हणतो, माझं प्रोफाइल शंभर टक्के भरलंय तरी फोन नाही. हप्त्यातून एकदा लॉगिन करा, नोटीस पिरियड आणि पगार अपडेट ठेवा.

‘मशीन ऑपरेटर’ एवढंच लिहिलं तर तुम्ही गर्दीत हरवलात. मशीन, कंट्रोल, मटेरियल, काम, सगळं लिहा: व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर, फॅनक किंवा सीमेन्स कंट्रोल, ॲल्युमिनियम कास्टिंग, टूल ऑफसेट, फर्स्ट पीस इन्स्पेक्शन. क्वालिटीवाल्यांनी पीपॅप, एपीक्यूपी, एमएसए, एसपीसी, सीएमएम, आयएटीएफ १६९४९ (ऑटो कंपन्यांतल्या गुणवत्ता तपासणीच्या पद्धती, मोजणीचं यंत्र आणि मानक) यांपैकी जे हातानं केलंय तेवढंच. फार्मात एचपीएलसी (औषधातले घटक तपासायचं यंत्र) आणि जीएमपी (औषध बनवतानाचे दर्जाचे नियम). जालन्याच्या स्टीलमध्ये इंडक्शन फर्नेस, स्पेक्ट्रो (धातूतले घटक तपासायचं यंत्र), रोलिंग मिल. न केलेलं टाकलं की मुलाखतीत ‘पीपॅपचे १८ घटक कोणते, लेव्हल किती’ असं विचारतात आणि तिथं तोंडघशी पडलात की रिक्रूटरचंही नाक कापलं जातं. तो परत तुमचं नाव पाठवत नाही.

आणखी एक, हे आपल्या भागाचं दुखणं. २०२३ मध्ये नावं बदलली. कुणी शोधताना ‘औरंगाबाद’ टाकतं, कुणी ‘छत्रपती संभाजीनगर’. ‘उस्मानाबाद’ आणि ‘धाराशिव’चं तसंच. पत्त्यात दोन्ही नावं लिहून टाका. वाद चौकात घाला, सीव्हीत नको.

मोबाइलवर स्कॅन केलेल्या कागदाचा फोटो सीव्ही म्हणून पाठवू नका, त्यातला मजकूर शोधात सापडत नाही. वर्ड किंवा मजकूर निवडता येईल अशी पीडीएफ, दोन पानं, फाइलचं नाव ‘आडनाव_व्हीएमसी_सेटर_५वर्षं’ अशा पद्धतीचं. ‘फायनल न्यू २’ नावाच्या फाइली रिक्रूटरच्या डाउनलोडमध्ये ढिगानं असतात.

भोकरदन नाका

एका कंपनीसाठी दोन-तीन कन्सल्टंटकडून सीव्ही गेला तर चान्स वाढतो ना? पोरं तर सर्रास टाकायलेत.

खामकाठ

वाढत नाही, बहुतेक वेळा जातो. दोन कन्सल्टंटकडून एकच नाव आलं की फी कुणाला द्यायची हा कंपनीच्या एचआरपुढचा तंटा. नियम साधारण असा की ज्याच्याकडून आधी आलं त्याचं. पण तेवढ्याच तोलाचा दुसरा उमेदवार असेल तर एचआर तंट्यातच पडत नाही, तुमची ओळ खोडतो. आणि एकदा तुमचा सीव्ही एखाद्या कन्सल्टंटच्या नावावर चढला की तो हक्क करारानुसार बहुधा सहा महिने ते वर्षभर राहतो. त्या काळात तुम्ही थेट कंपनीच्या साइटवर अर्ज केला तरी सिस्टीम ‘डुप्लिकेट’ दाखवते.

उपाय साधा आहे. फोनवर विचारा: “कंपनीचं नाव काय, आणि माझ्या होकाराशिवाय पाठवणार नाही ना?” नाव कळल्यावर, तिथं आधी गेला असेल तर लगेच सांगा: “तिथं मार्चमध्ये दुसऱ्यांकडून गेलाय, दुसरं काही असेल तर बघा.” हे ऐकून रिक्रूटर चिडत नाही, त्याची मेहनत वाचते. वहीत किंवा फोनमध्ये चार रकाने ठेवा: कंपनी, पद, कुणामार्फत, तारीख.

कन्सल्टंट कधी कधी कंपनीचं नाव लगेच देत नाही. उमेदवार थेट अर्ज करील ही त्याची भीती असते आणि ती खोटी नाही. तेव्हा एवढं म्हणा: “वाळूजची ऑटो कंपनी, पण कुठली? मी आधीच गेलेल्या ठिकाणी परत गेलो तर तुमचंच नुकसान.” नाव मिळतं.

पगारपत्रक

खामकाठच्या नमुना मेसेजमध्ये सीटीसी आणि हातात असे दोन्ही आकडे आहेत, ते बरोबर. इथंच सगळ्यात जास्त ताणाताणी होते, म्हणून हिशोब मांडतो.

सीटीसी ४,८०,००० म्हणजे महिन्याला ४०,०००. बेसिक २०,००० धरा. कंपनीचा पीएफ १२ टक्के, २,४०० आणि ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, ९६२. हे दोन्ही सीटीसीतच धरलेले असतात. राहिले ३६,६३८. त्यातून तुमचा पीएफ २,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात ३४,०३८. आता सीटीसीत १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, दरमहा न मिळणारा भाग) असेल तर दरमहाचे ४,००० आणखी बाजूला पडले: हातात साधारण ३०,०००. मेडिक्लेमचा हप्ता, कॅन्टीन, बस असं काही कापत असतील तर त्याहून कमी.

म्हणजे रिक्रूटरला ‘मला ३५ पाहिजेत’ म्हटलं तर तो ३५,००० सीटीसी लिहितो, तुमच्या डोक्यात ३५,००० हातात असतात, आणि ऑफर आल्यावर दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. बोलताना दर वेळी ‘सीटीसी’ किंवा ‘हातात’ हा शब्द लावा. ऑफरआधी पगाराची फोड मागा, लेखी, मेलवर. ओव्हरटाइम पगारात धरून सांगितला जातोय का तेही विचारा. ऑर्डर कमी झाल्या की तो आधी बंद होतो.

रेणापूर फाटा

चालू पगार सांगायचाच कामून? सांगितला की त्यावर वीस टक्के टाकून मोकळे होतात. कामाची किंमत द्या म्हणावं.

पगारपत्रक

तत्त्व म्हणून पटतं. पण कारखान्यात तो रकाना भरल्याशिवाय प्रोफाइल पुढं जातच नाही आणि रुजू होताना तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट मागतात. आकडा फुगवलात तर कागदावर उघडा पडतो, मग ऑफर मागं घेतात. सांगायचा तर खरा सांगा. फार कमी असेल तर कारण जोडा: “हा पगार ट्रेनी म्हणून लागला तेव्हाचा, आता सेटिंग आणि प्रोग्रॅम एडिट दोन्ही करतो, बाजारात या कामाला एवढे मिळतात.” हे वाक्य रिक्रूटर तसंच्या तसं कंपनीपुढं ठेवू शकतो. ‘निगोशिएबल’ या शब्दाचं त्याला काहीच करता येत नाही.

रेणापूर फाटा

मला तरी खालचा आकडा आधी सांगणं पटत नाही. ज्याच्या कामाला मागणी जास्त, त्यानं ‘बजेट किती ते सांगा’ म्हणून बघावं. टूलरूम, पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर), स्पेशल पर्पज मशीनची मेंटेनन्सवाली माणसं असं करू शकतात.

टूलरूमवाला

ते करू शकतात, खरंय. माणूस दुर्मीळ असला की रिक्रूटर बजेट सांगतो. ऑपरेटरला नाही सांगणार.

पीएफ पासबुक

धाग्यात अजून न आलेला पण सगळ्यात जास्त लोकांना अडवणारा मुद्दा: सीव्हीतल्या तारखा आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीतल्या तारखा. बॅकग्राउंड तपासणीत हल्ली यूएएनची (पीएफचा कायमचा क्रमांक) हिस्ट्री बघतात. आपल्याकडं गडबड तीन जागी होते.

पहिली, ठेकेदारी. काम मोठ्या कंपनीच्या शेडमध्ये, पण पेरोल ठेकेदाराचा. माणूस सीव्हीत कंपनीचं नाव लिहितो, पीएफवर ठेकेदाराचं नाव येतं, तपासणीवाला ‘माहिती जुळत नाही’ असा शेरा मारतो. सीव्हीत सरळ लिहा: ‘अमुक ठेकेदाराच्या पेरोलवर, अमुक कंपनीच्या वाळूज प्लांटमध्ये’. रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगा. त्यात कमीपणा काही नाही, त्याला हे नेहमीचं आहे. नंतर कळलं तर मात्र तो कंपनीपुढं खोटा पडतो.

दुसरी, अप्रेंटिस. अप्रेंटिसशिप कायदा १९६१ खाली केलेलं वर्ष हे प्रशिक्षण, नोकरी नव्हे; त्याचा पीएफ कापला जात नाही. ते अनुभवात मिसळून ‘३ वर्षं’ लिहिलं की पीएफवर दोनच दिसतात. वेगळी ओळ करा आणि प्रमाणपत्र जोडा.

तिसरी, जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीखच भरलेली नाही. मग दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ही तारीख ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) पोर्टलवर सदस्याला स्वतः टाकता येते, आधार यूएएनला जोडलेला असला की. नोकरी शोधायच्या आधीच हे उरकून घ्या. ऑफर हातात आल्यावर धावपळ करायलेत सगळे.

सिडको बसस्टँड

नाव कळवलं आणि मुलाखतीला गेलाच नाहीत, याबद्दल कुणीतरी लिहा. रिक्रूटरचा सगळ्यात मोठा राग त्यावर असतो.

खामकाठ

हो. त्यानं साहेबाची अर्ध्या तासाची वेळ धरून ठेवलेली असते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, संभाजीनगरच्या या सगळ्या एमआयडीसींतले एचआर एकमेकांना ओळखतात, गाव एवढंच. जमत नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी मेसेज, कारण आणि दुसरी तारीख. सकाळी गेटवर पोहोचायच्या वेळेला कळवलेलं कामाचं नाही.

वेळ ठरवताना लाजू नका. नांदेड-परभणीहून रेल्वेनं येणाऱ्यानं सकाळी नऊचा टाइम घेऊन धापा टाकत जाण्यापेक्षा दुपारचा मागून घ्यावा. बी शिफ्टवाल्यानं (दुपारपाळी) सकाळचा. आणि ‘शेंद्रा’ ऐकून होकार देऊ नका, प्लांट कुठं ते विचारा: वाळूज नगर रस्त्याला, शेंद्रा जालना रस्त्याला, बिडकीन पैठण रस्त्याला. बजाजनगरात राहून रोज शेंद्रा म्हणजे अख्खं शहर आडवं पार करणं. कंपनीची बस आहे का, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप की सिडकोवरून, सी शिफ्टलाही (रात्रपाळी) आहे का, हे पहिल्याच फोनवर. रुजू झाल्यावर आठ दिवसांत ‘लांब पडतं’ म्हणून सोडलं की कन्सल्टंटची फी बुडते, आणि ते नाव तो विसरत नाही.

मुक्ताई

महिलांनी शिफ्ट आणि बसबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: रात्रपाळीत दारापर्यंत सोडतात की मुख्य रस्त्यावर, आणि त्या लाइनवर आधीपासून किती महिला आहेत. रिक्रूटरला माहीत नसेल तर ‘विचारून सांगा’ म्हणावं. विचारून सांगणारा रिक्रूटर पुढंही कामाला येतो.

आणि लग्न कधी, मूल कधी असं विचारलं तर “नोटीस ३० दिवस, तिन्ही शिफ्ट चालतील” एवढं कामापुरतं उत्तर द्यावं. तेच परत खोदून विचारलं तर तिथं वेळ घालवू नये.

भोकरदन नाका

फॉलोअप किती दिवसांनी? रोज फोन केला तर चालतो का?

टूलरूमवाला

रोज केला की नंबर ब्लॉक. सीव्ही पाठवल्यावर तीन-चार कामाच्या दिवसांनी एक मेसेज: पदाचं नाव, पाठवल्याची तारीख, ‘काही कळलं का’. मुलाखत झाली तर त्याच दिवशी संध्याकाळी फोन करा, आणि हा फोन त्याच्या उपयोगाचा असू द्या: कुणी मुलाखत घेतली, काय विचारलं, कुठं अडलात, पगारावर काय बोलणं झालं. कंपनीनं अजून त्याला काही कळवलेलं नसतं, तुमच्याकडूनच पहिली खबर मिळते. पुढच्या उमेदवाराला तयार करायला ती कामी येते आणि तुमच्याबद्दल कंपनीशी बोलायला त्याच्या हातात काहीतरी असतं. त्यानंतर आठवड्यानं एकदा. दोन-तीनदा उत्तर नाही आलं तर जागा बंद झाली किंवा दुसऱ्याला गेली असं धरा. बऱ्याचदा कंपनीच त्याला उत्तर देत नसते.

दुसरीकडची ऑफर आली तर लपवू नका. “माझ्याकडं ४.४० ची ऑफर आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय” म्हटलं की तो कंपनीला घाई करू शकतो. पण नसलेली ऑफर सांगू नका, लेटर दाखवा म्हणतात.

जुन्या कंपनीनं पगार वाढवून थांबवलं आणि तुम्ही थांबलात, तर तेही त्याच दिवशी सांगा. रागावेल. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवला तर त्याहून जास्त रागावेल.

पूर्णा जंक्शन

नुकतंच आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांना कन्सल्टंट विचारत नाहीत. कामून?

खामकाठ

कारण फ्रेशरसाठी कंपन्या सहसा ८.३३ टक्के देत नाहीत. त्यांना तो माणूस अप्रेंटिस पोर्टलवरून, कॉलेजच्या कॅम्पसमधून किंवा ठेकेदाराकडून मिळतो. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनी नॅट्स, आयटीआयवाल्यांनी नॅप्सचं पोर्टल (दोन्ही केंद्राच्या अप्रेंटिस योजना) आणि सगळ्यांनी राज्याच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी करावी, आयटीआयच्या प्लेसमेंट सेलकडं नाव द्यावं. कन्सल्टंटशी ओळख अप्रेंटिसशिपचं शेवटचं तिमाही चालू असताना करा, तेव्हा सांगण्यासारखं काम हाताशी असतं.

लोहा रोड

पैसे मागणाऱ्यांचं काय? ‘रजिस्ट्रेशन ५००, मेडिकल १,५००, गेटपास ८००’ असं चाललंय. शिवाय आपल्याकडून गल्फला जाणारी पोरं लई आहेत.

पीएफ पासबुक

कंपनीकडून फी घेणाऱ्या कन्सल्टंटला उमेदवाराकडून पैसे घ्यायचं कारण नाही. ‘गेटपास’साठी फोन पे मागितला की तिथंच थांबा. ऑफर लेटर जीमेलवरून आलं असेल तर कंपनीच्या साइटवरचा लँडलाइन लावून विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. पहिल्या काही तासांत रक्कम अडवायची शक्यता जास्त असते.

परदेशाचं वेगळं. तिथं उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं, पण एजंट उत्प्रवास कायदा १९८३ खाली नोंदणीकृत पाहिजे आणि शुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००, पावतीसकट. परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. गावातला ‘सब-एजंट’ हा प्रकार कायद्यात बसत नाही, त्याच्या हातात पासपोर्ट देऊ नका. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जायला सरकारी परवानगी लागते अशी नोंद) असतं. सौदी, कतार, कुवेत, ओमान, युएई अशा देशांत कामाला जायला त्यांना परवानगी लागते. ‘टूरिस्ट व्हिजावर चला, तिथं बदलून घेऊ’ म्हणणारा ही परवानगीच चुकवायला बघत असतो.

लोहा रोड

सब-एजंटचं पोरांच्या ग्रुपवर टाकतो. लई जणांचे पासपोर्ट तसेच दिलेले आहेत.

सिडको बसस्टँड

शेवटी एक बारीक. रिक्रूटरचा नंबर ‘एचआर’ नावानं सेव्ह करू नका, फोनमध्ये बारा एचआर होतात आणि फोन आला की ‘कोण बोलताय’ विचारायची वेळ येते. नाव, फर्म, कंपनी, महिना असं सेव्ह करा. नोकरी लागल्यावरही नंबर ठेवा. त्याला सेटर लागत असेल आणि तुमच्या लाइनवरचा कुणी शोधत असेल तर त्याला विचारून नंबर द्या.

भोकरदन नाका

सेव्ह केलेले नऊ ‘एचआर’ आत्ताच बदलायला घेतो.